मंगळवारी सांगितलेलं

तोंग्योंग, दक्षिण कोरिया, १८ ऑक्टोबर १९९५

प्रिय सोइम,

येशूची स्तुती असो. तुझं पत्र मिळालं, फोटोही मिळाले. तू चांगली भरली आहेस, बघून बरं वाटलं. जावईबापू हेर्मानचे केस मात्र पार गेले की गं! यांना दाखवला फोटो, तर म्हणतात, "परदेशातही गळतात का?"

एक बातमी आहे. मी गटप्रमुख झाले. नव्या फादरांनी चर्चच्या धर्मग्रामाचे गल्लीवार छोटे गट पाडलेत. आमच्या बंदरगल्लीचा गट माझ्याकडं आलाय. हे म्हणाले, "घरात तुझं कुणी ऐकत नाही म्हणून फादरांनी बाहेर सोय केली." म्हणू देत.

दर मंगळवारी, कालवं सोलायच्या शेडमधून सुटलो की आम्ही नऊ जणी जमतो. हाताचा वास काही जात नाही, पण तो सगळ्यांच्याच हाताला असतो. शुभवर्तमानातला एक उतारा वाचायचा, मग ज्या ओळीनं मनाला धरलं ती म्हणायची आणि आपल्या जगण्यातलं जे आठवेल ते सांगायचं. कुणी कुणाला उपदेश करायचा नाही. सुरुवातीलाच पुस्तकावर हात ठेवून म्हणायचं, "इथं बोललेलं इथंच राहील." हे फादरांनी फार बजावून सांगितलंय. गटात आपली अगाथा आहे, बाजारात सुकी मासळी विकते ती. तिच्या कानात सकाळी पडलेलं दुपारपर्यंत पाटीवर विकायला येतं, असं सगळे म्हणतात. तीही हात ठेवते आणि वर हसते.

आणि वोल्सन आहे. जाळ्यांच्या दुकानवाल्या आनास्तासियाआजींची सून. चार पिढ्यांचं श्रद्धाळू घर ते, आजींचे पणजोबा धर्मासाठी मारले गेले. तरी लग्नाला वीस वर्षं झाली, सुनेनं बाप्तिस्मा घेतला नव्हता. दरवर्षी काहीतरी कारण काढायची. यंदा आपण होऊन प्रौढांच्या धर्मवर्गात नाव घातलं. ईस्टरला बाप्तिस्मा आहे आणि धर्ममाता मी होणार.

काल उतारा होता क्रुसाखालचा, "ही पाहा तुझी आई." पाळी फिरत वोल्सनकडं आली. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "माझी आई मेलेली नाही."

सोइम, आम्हाला सगळ्यांना ठाऊक की तिची आई लग्नाआधीच गेली, बेटावर पुरलीय. ती म्हणाली, "ती जिवंत आहे. देवऋषीण आहे. होड्यांची शांत करते, बुडालेल्यांना बोलावते. सोयरीक आली तेव्हा घर असं सोवळं होतं की मीच सांगितलं, आई मेली. आईनंच सुचवलं खरं तर. म्हणाली, मेली म्हण, त्यानं मी मरत नाही. दरवर्षी थडग्यावरचं गवत कापायला म्हणून विळा घेऊन बेटावर जाते आणि आईजवळ बसून रताळी खाते. आई विचारते, कापलंस का गं माझ्यावरचं गवत?"

हे सांगताना ती हसली, आणि मग जी रडली! आम्ही सगळ्याच रडलो. अगाथानं तिला नाक पुसायला स्वतःचा रुमाल दिला. ती म्हणाली, "हे पोटात ठेवून डोक्यावर पाणी कसं घेऊ?" मी म्हटलं, हळूहळू. आधी देवाला सांगितलंस, मग नवऱ्याला सांगशील.

घरी आल्यावर मला झोप येईना. आपल्या गटात असं काही घडलं याचं इतकं वाटलं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. तुला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हेच.

थंडीचं जप.

तुझी ताई,
पिल-नाम


आखेन, जर्मनी, ९ नोव्हेंबर १९९५

प्रिय ताई,

गटप्रमुखबाईंना साष्टांग नमस्कार! फादर हुशार दिसतात. तुला गप्प बसून ऐकायचं काम देणारा माणूस आजवर आपल्या घराण्यात जन्मला नव्हता.

थट्टा राहू दे. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा बसमध्ये, आणि उतरायचा थांबा चुकले. ती बाई आणि तिचा विळा डोळ्यांपुढून हलत नाहीत. मला आपली आई आठवली. ती गेली तेव्हा मी इथं परक्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालत होते, आणि कळलं तेव्हा मातीही देऊन झाली होती.

आमच्याकडंही तुमचं वारं पोचलंय. इथल्या कोरियन मंडळींची महिन्यातून एकदा चर्चमध्ये मिस्सा असते. आता नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून त्यानंतर गट बसणार आहे. पंधरा-वीस जणी, बहुतेक माझ्यासारख्या जुन्या नर्सा. पहिल्या दिवशी साक्ष सांगायला मलाच उभं करणार आहेत, सगळ्यात जुनी म्हणून. मी काय सांगू गं? माझ्या आयुष्यात सांगण्याजोगं काय आहे? तेवीस वर्षं लोकांच्या पलंगावरच्या चादरी बदलल्या. बघते, काहीतरी सुचेल.

भावजींना सांग, परदेशात आधी केस जातात, मग माणसं कोरियन बोलायची विसरतात.

तुझी,
सोइम


तोंग्योंग, २४ जानेवारी १९९६

सोइम,

नाताळला लिहिलं नाही, रागावू नकोस. इथं फार वाईट घडलंय.

तीन राजांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी वोल्सननं सासूपुढं जेवण ठेवलं. आजींनी किमचीची वाटी बोटानं लोटली. म्हणाल्या, "भूतं नाचवणारीच्या लेकीच्या हातचं चार पिढ्यांत कुणी खाल्लं नाही. मी वीस वर्षं खाल्लं." वोल्सनच्या हातातलं गरम सूप तिच्याच पायावर सांडलं. नवरा शेजारीच होता. तो ओरडला नाही, मारलं नाही. एवढंच म्हणाला, "दरवर्षी तुला बेटाच्या धक्क्यापर्यंत सोडायला मी येत होतो. थडग्यापर्यंत येतो म्हटलं की तू नको म्हणायचीस. मी तिथंच धक्क्यावर उभा राहून सासूसाठी प्रार्थना करायचो. मृतांसाठीची." आणि उठून दुकानात गेला.

हे तिनंच आम्हाला सांगितलं, त्या मंगळवारी. पायाला पट्टी बांधून आली होती. बसली नाही. दारात उभी राहून एकेकीच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "तुमच्यापैकी कोण?" मग म्हणाली, "नवऱ्याला मी ईस्टरच्या आधी सांगणार होते. माझ्या तोंडानं. तेवढं तरी माझ्याकडं ठेवायचं होतं." आणि गेली. दुसऱ्या दिवशी बोटीनं बेटावर आईकडं निघून गेली. धर्मवर्गातली तिची वही अजून तिथल्या कपाटात पडून आहे.

आजींना कुणी सांगितलं ते त्या सांगत नाहीत. "देवानं कळवलं" म्हणतात.

पण मला विचारायची गरजच नाही. अगाथाचं तोंड सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी स्वतः एका माणसापाशी बोललेले नाही, बाकीच्या सहा जणी कुठं जातात-येतात मला माहीत आहे. गेल्या मंगळवारी मी सगळ्यांसमोरच म्हटलं, "अगाथाताई, काही दिवस तुम्ही आला नाहीत तर बरं." ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "मी?" मी म्हटलं, "ज्याचं त्याला कळतं." ती उठली, चप्पल घालताना भिंतीला हात टेकला, आणि गेली.

गटप्रमुख म्हणून हे मला करावंच लागलं. तू माझ्या जागी असतीस तर तूही केलं असतंस.

पिल-नाम


आखेन, ११ फेब्रुवारी १९९६

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. वॉर्डात सर्दी-तापाची साथ आहे, दोन पाळ्या कराव्या लागतात, म्हणून थोडक्यात लिहिते.

अगाथाचं तू नीट तपासलंस का? तोंडाळ माणूस प्रत्येक वेळी अपराधी असतोच असं नाही. आपण लहान असताना गोठ्याचं दार उघडं राहिलं तर मारही नेहमी एकालाच पडायचा. तिला परत बोलव ना. आणि आनास्तासियाआजींना कुणी कळवलं, पत्रानं की तोंडी, हे काही कळलं का? कळलं तर लगेच लिही. वोल्सनच्या पायाचं कसं आहे?

माफ कर, एवढंच.

सोइम


तोंग्योंग, २ मार्च १९९६

सोइम,

तुझं पत्र वाचून राग आला. तू तिकडं बसून अगाथाची बाजू घेतेस. आणि पायाचं विचारतेस, आजींना पत्र आलं का विचारतेस. तुला एवढ्या चौकशा कशाला?

राख लावायच्या बुधवारी फादरांनी कपाळावर राख लावली तेव्हा माझ्या पुढं अगाथा होती. तिच्या मागं उभी राहायला कुणी तयार होईना, म्हणून मी राहिले. गल्लीतल्या बायका तिच्याकडून मासळी घ्यायच्या बंद झाल्यात. मी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. पण थांबवलंही नाही.

परवा ती कालवांच्या शेडमध्ये आली. आम्ही तीस-चाळीस जणी रबरी एप्रन बांधून ओळीनं बसलेलो, सुऱ्यांचा आवाज चाललेला. ती सरळ माझ्यापाशी आली. "बिबियानाताई," मला बाप्तिस्म्याच्या नावानंच हाक मारते ती. "मी बोलघेवडी आहे. शेजारणीची कोंबडी कुणी चोरली ते मी बाजारात सांगते. कुणाचा जावई दारू पितो तेही सांगते. पण त्या दिवशी ती पोर माझ्या रुमालात रडली. तो रुमाल मी अजून धुतलेला नाही. तुम्हाला काय वाटतं, ते मी विकायला काढीन?"

मी सुरी चालवत राहिले. सगळ्या सुऱ्या थांबल्या होत्या, माझी एकटीची चालू होती. अंगठा कापला गेला. ती म्हणाली, "बोट बघा तुमचं," आणि गेली.

मी खरी की खोटी हे मला विचारू नकोस. जखम खाऱ्या पाण्यानं झोंबते, म्हणून अक्षर असं आलंय.

पिल-नाम


आखेन, १७ मार्च १९९६

ताई,

हे पत्र मी फेब्रुवारीतच लिहायला हवं होतं. त्यानंतर सात वेळा लिहायला बसले.

अगाथा नाही. मी आहे.

आगमनकाळाच्या त्या पहिल्या रविवारी मला साक्ष सांगायला उभं केलं. मी माझं काहीतरी सांगायला लागले, आंघोळ घालणं, म्हातारी माणसं. बायका जांभया देत होत्या. एकीनं घड्याळ बघितलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "आमच्या गावात एक बाई आहे." नाव घेतलं नाही ताई, देवाशपथ. पण जाळ्यांचं दुकान म्हटलं. चार पिढ्यांचं घर म्हटलं. विळा सांगितला, रताळी सांगितली. आता सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. तेवीस वर्षांत माझं बोलणं इतक्या शांतपणे कुणी ऐकलं नव्हतं. मी गवताचं ते वाक्य त्या आईच्या आवाजात म्हणून दाखवलं. दोघी-तिघी रडल्या. मीही रडले, आणि रडताना बरं वाटत होतं.

युन तेरेसा नावाची एक नर्स कोपऱ्यात होती. शेजारच्या शहरातून येते, मी फारशी ओळखत नव्हते. तिनं कॉफीचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "कुठल्या गावचं म्हणालात?" तिचा चेहरा मला आजही दिसतो. तेव्हाच तिला बाजूला घेऊन बोलायला हवं होतं. पण लोक माझं कौतुक करायला येत होते, आणि मी तिथंच थांबले. तेरेसा ही आनास्तासियाआजींच्या बहिणीची मुलगी. तुझं जानेवारीचं पत्र आल्यावर मी तिला फोन करून विचारलं. तिनं लगेच कबूल केलं. म्हणाली, "मावशीला फसवलं जात होतं. मी खरं तेच लिहिलं."

तू लिहिलं होतंस, 'मी स्वतः एका माणसापाशी बोललेले नाही.' ताई, मी माणूस नाही का गं? हे तुझ्यावर ढकलत नाही. तू एकीला सांगितलंस, मी वीस जणींना. पण त्या ओळीमुळं मला कळलं की तू विसरली आहेस, आणि मी गप्प बसले तर तुला कधीच आठवणार नाही. मी तेच करणार होते. अगाथाचा शेडमधला प्रसंग वाचला आणि मग जमेना.

आता अगाथाला परत बोलव. माझं नाव सगळ्यांना सांग. हवं तर हे पत्रच वाचून दाखव.

सोइम


तोंग्योंग, ९ एप्रिल १९९६

सोइम,

तुझं पत्र ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मिळालं. त्यातलं मला नवीन काही नव्हतं.

मार्चच्या मध्यावर आनास्तासियाआजी पडल्या, कमरेला मार बसला. धर्मग्रामातर्फे मी भेटायला गेले. उशीजवळ प्रार्थनेचं पुस्तक होतं आणि त्यात खुणेला एक पाकीट. तिकिटावर तोच जर्मन पक्षी, जो तुझ्या पाकिटावर असतो. आजी म्हणाल्या, "भाचीचं आहे. देवानं तिच्या हातून लिहवलं." मी त्यांना लापशी भरवली, वाटी धुतली आणि घरी आले. त्यानंतर दोन मंगळवार मी गट घेतला. पुस्तकावर हात ठेवून, "इथं बोललेलं इथंच राहील," मीच आधी म्हटलं. अगाथाची जागा रिकामी होती.

आणि याहून वाईट ते ऐक. तू म्हणतेस मी विसरले. मी विसरले नव्हते. वोल्सननं दारात उभं राहून "कोण?" विचारलं ना, त्याच क्षणी मला तुला लिहिलेलं पत्र आठवलं. ज्या पेननं लिहिलं ते पेनसुद्धा आठवलं. मी मनाला म्हटलं, जर्मनी कुठं, तोंग्योंग कुठं. आणि लगेच माझे डोळे अगाथाकडं वळले, कारण तिचं नाव घेतलं तर कुणी पुरावा मागणार नव्हतं. तुला त्या पत्रात जे लिहिलं ते तुला फसवायला नाही, मलाच समजवायला.

तुझं पत्र हातात पडलं त्या दिवशी फादरांकडं पापनिवेदनाला गेले. फादर माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. सगळं ऐकून म्हणाले, "देवाकडून क्षमा झाली. पण अगाथाबाईंचं नाव तुम्ही घेतलंत, ते देवाकडं नाही. ते गल्लीत आहे. तिथून परत आणून द्या." तिथून मी बाजारात गेले. अगाथा मासळीवरच्या माश्या वारत होती. मी वाकून तिच्या कानाशी बोलायला लागले, तर ती मागं सरली. "कानात नको. माझं नाव तुम्ही सगळ्यांसमोर घेतलंत ना? मग सगळ्यांसमोर बोला."

त्याच पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी ती आली. मी सांगितलं. तुझं पत्र वाचून दाखवलं नाही, फक्त माझं सांगितलं, की मी लिहिलं, मला ठाऊक होतं, तरी मी हिचं नाव घेतलं. कुणी रडलं नाही. एकीनं नुसतं "अगं बाई" म्हटलं. अगाथानं समोरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, हा दिवस आला की मी पोट धरून हसेन. हसू काही येत नाही बघा." गटाचं प्रमुखपद मी तिथंच सोडलं. आता फादरांनी ते अगाथाकडं दिलंय. ती नको म्हणत होती, बायकांनीच आग्रह केला.

काल बेटावर जाऊन आले. वोल्सन धक्क्यावरच भेटली, वाळत घातलेलं समुद्रशेवाळ उलथत होती. म्हणाली, "इथंच बोला. घरी नाही नेणार." मी सांगितलं. गुडघे टेकायला लागले तर म्हणाली, "उठा. या बेटावर कुणी गुडघे टेकले की लोकांना वाटतं, आईकडं भूत उतरवायला आलेत."

मग शेवाळ उलथतच बोलत राहिली. नवरा येऊन गेलाय. आजींना न सांगता आला. वोल्सनच्या आईपुढं कपाळ जमिनीला टेकवलं, आणि म्हणाला, "तुमच्यासाठी वीस वर्षं मृतांची प्रार्थना केली, आता दुसरी शिकावी लागेल." म्हातारी हसली म्हणे. वोल्सन म्हणाली, "आता मला लपवायला काही उरलं नाही. खाल्लेलं अंगी लागतं. पण ते तुमच्यामुळं झालं असं कुठं म्हणू नका. घर पेटलं आणि थंडीत ऊब मिळाली, म्हणून काडी लावणाऱ्याचे आभार मानायचे नसतात."

मी म्हटलं, नाही म्हणणार. बोट सुटेपर्यंत ती वळून बघेल असं वाटत होतं. नाही बघितलं.

तुझा रागही येतो आणि येतही नाही. तुझ्यावर ओरडायला मला तोंड राहिलेलं नाही, हाच राग आहे. वोल्सनला तू स्वतः लिही. माझ्यामार्फत काही पाठवू नकोस.

पिल-नाम


आखेन, २ मे १९९६

प्रिय ताई,

वोल्सनला लिहिलं. एक पान झालं. आधी चार पानं झाली होती, त्यातली तीन माझ्याच दुःखाची निघाली, ती फाडली. उत्तर आलेलं नाही, आणि येऊ नये असंही वाटतं.

एप्रिलच्या मिस्सेनंतर मी आमच्या गटात उभी राहिले. सांगितलं की डिसेंबरमध्ये मी जी साक्ष दिली ती माझी नव्हती, ती एका बाईची चोरलेली होती, आणि त्या चोरीनं तिचं घर फुटलं. तेरेसा उठून बाहेर गेली. त्या दिवशी कौतुक करायला आलेल्यांपैकी एकही जवळ आली नाही. हेर्मान बाहेर गाडीत वाट बघत होता. त्यानं विचारलं, "आज काय बोललीस?" त्याला जर्मनमध्ये सांगायला लागले आणि लक्षात आलं, हे पहिलंच असं काही आहे जे माझ्याच आयुष्यात घडलंय.

ताई, तू आता मला लिहिणार नाहीस का? काही लिहू नकोस हवं तर. हवापाणी लिही. पण लिही.

सोइम


तोंग्योंग, १६ ऑगस्ट १९९६

प्रिय सोइम,

चार महिने लिहिलं नाही. पेन हातात घेतलं की वाटायचं, आता कुणाचं काय उघडं करणार आहेस? हे पत्र मात्र वोल्सनला विचारून लिहितेय. "त्यांना लिहू का?" म्हटल्यावर ती म्हणाली, "लिहा. जेवढं बघितलंत तेवढंच लिहा." तिला तुझं पत्र मिळालं होतं. त्यावर ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

मे महिन्यात ती आणि नवरा बंदरापलीकडं दोन खोल्यांत राहायला आले. धर्मवर्गात राहिलेले धडे तिनं फादरांकडं एकटीनं पुरे केले. मंगळवारच्या गटातही येते. मी दाराशी बसते. तिची पाळी आली की ती ओळ वाचते आणि पुढं काही सांगत नाही. कुणी आग्रह करत नाही.

काल, मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, अकरा प्रौढांचा बाप्तिस्मा झाला. त्यात ती होती. धर्ममाता अगाथा. नवा पांढरा पोशाख घालून अगाथा अशी ताठ उभी होती की बाजारातल्या कुणी ओळखलं नसतं. आनास्तासियाआजी पहिल्या बाकावर होत्या, काठी घेऊन. आल्या एवढंच. सुनेकडं बघितलं की नाही, मागून दिसलं नाही.

माझ्याकडं आता दाराशी उभं राहून कागदी पंखे वाटायचं काम असतं. उकाडा मरणाचा होता. मिस्सा सुरू व्हायच्या थोडं आधी एक लहानखुरी म्हातारी आली, धुवट पांढऱ्या कपड्यांत, भिंत चाचपत. शेवटच्या बाकावर बसली. कुणीतरी ओळखलं असावं, कारण तिच्या शेजारच्या दोघी हळूच उठून पुढं गेल्या. मागं सगळा बाक रिकामा आणि मधोमध ती. मी पंखे खुर्चीवर ठेवले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

ती म्हणाली, "इथं उठायचं कधी, बसायचं कधी?"

मी म्हटलं, "मी उठले की उठा."

दोघी मिळून उठलो-बसलो. नावं पुकारायला लागले तशी ती पुढं झुकली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "आवाजावरून तू गल्लीतली दिसतेस. तूच का ती, जिनं लिहिलं?"

सोइम, पळून जावंसं वाटलं. दार चार पावलांवर होतं. मी म्हटलं, "हो. मीच."

तिच्या हातातला पंखा थांबला. मग म्हणाली, "माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. इथून मला नुसता उजेड दिसतो. तुला सांगायची हौस आहे ना? मग सांग मला, माझी पोर काय करतेय."

मी तिच्या कानाशी वाकले. म्हटलं, आता रांगेत पाचवी आहे. निळा पोशाख आहे. अगाथानं खांद्यावर हात ठेवलाय. आता चौथी. जावई बाजूला उभा आहे, टॉवेल घेऊन. आता तिचीच पाळी. डोकं वाकवलंय. फादर पाणी घालताहेत. एकदा. दोनदा. तीनदा.

"रडतेय का?"

मी नीट बघितलं. बघितलं तेवढंच सांगितलं.

"नाही."

"मग बरं," ती म्हणाली, आणि पंखा पुन्हा हलवायला लागली.

तुझी ताई,
पिल-नाम